पेटीवरची पावडर

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. ज्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला, त्या शाळेतल्या बायकांनाही नाही. आज का लिहिते आहे? ते मला नीट सांगता येणार नाही. मन हलकं होईल अशी माझी काही समजूत नाही. हलकंच करायचं असतं तर एका माणसाला वेळेवर एक वाक्य सांगून झालं असतं — आणि ते सांगायची संधी मला एकदा नाही, चारदा मिळाली.

मी संशयी आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घरी गॅसचा सिलिंडर आला की मी वजन करून घेते. भाजी घेताना आधी काट्याकडे बघते, मग भाजीकडे. कारण नसताना कोणी माझं कौतुक केलं, तर याचं आपल्याकडे काम काय असेल याचा मी दोन दिवस विचार करते. बहुतेक वेळा काम निघतंच. म्हणून सवय सुटली नाही.

नाशिकमधल्या एका शाळेत मी संगीत शिकवते. गाण्याचं वेड होतं म्हणून या नोकरीत आले, असं सत्काराच्या भाषणात सांगायची पद्धत आहे. मी तसं सांगत नाही. गळा बरा होता, परीक्षा दिलेल्या होत्या, आणि गणिताच्या शिक्षकांची रांग मोठी होती, संगीताची लहान. एवढंच. संगीत शिक्षकाचं शाळेत काय स्थान असतं? पाहुणे आले की सगळ्यांना आमची आठवण येते. पाहुणे गेले की आमचा तास विज्ञानाला जातो. सकाळची प्रार्थना, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत. मधल्या काळात पाचवीच्या साठ मुलांना सा रे ग म शिकवायचं आणि नववीतल्या फुटलेल्या आवाजांना हळूच मागच्या रांगेत उभं करायचं. मी हे काम चांगलं केलं. ते मी नम्रपणा न दाखवता सांगू शकते.

आमची संगीताची खोली जिन्याखाली होती. एक लोखंडी कपाट, सतरंज्या, तबल्याची जोडी आणि पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम — आम्ही पेटीच म्हणतो. ती शाळेची होती, पण मी ती माझीच समजत असे. तिच्या भात्याच्या दोन कड्या मी आधी डावी, मग उजवी अशा लावायची. वरचं कापड उजवीकडून दुमडायची. हे सगळं बारीक सांगते आहे, कारण सुरुवात तिथूनच झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी मी खोली उघडली, तर कापड डावीकडून दुमडलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो. एवढ्यावरून.

पण त्याआधी शेवाळे सरांबद्दल सांगायला हवं. तेच टाळते आहे मी.

शेवाळे सर तबला वाजवायचे. मूळचे कळवणच्या बाजूचे, इथे पंचवटीत खोली घेऊन राहायचे. तेव्हा असतील तिशीच्या आसपास. आम्ही दोघंही मानधनावर होतो — मी गाणं आणि पेटी, ते तबला. बसायच्या आधी कपाटातून ते आपला चंदनाच्या वासाचा पावडरचा डबा काढायचे, दोन्ही तळव्यांना पावडर लावायचे आणि हात झटकायचे. घामेजल्या हाताला शाई चिकटते, बोल स्वच्छ उठत नाहीत, म्हणून. तबल्यावरचा तो मधला काळा भाग, त्याला शाई म्हणतात. सगळ्या खोलीला तो चंदनाचा वास यायचा. मग तबला लावून झाला की माझ्याकडे बघून विचारायचे, "सूर बराबर शे ना, मॅडम?" एरवी ते माझ्यासारखंच बोलायचे. एवढं वाक्य मात्र मुद्दाम गावाकडच्या बोलीत, 'आहे'ला 'शे'. मुली हसायच्या. मी हसायची नाही.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी — आम्ही मुख्याध्यापिकांना मोठ्या बाई म्हणतो — आम्हा दोघांना ऑफिसात बोलावून सांगितलं, की पुढच्या जूनपासून संगीताला एकच जागा राहील. पूर्णवेळ, कायम. दोघांतलं कोण, ते संस्था ठरवेल. स्नेहसंमेलनाला अध्यक्ष येणारच आहेत, तेव्हा दोघांचंही काम बघतील.

बाहेर आल्यावर शेवाळे सर म्हणाले, चला मॅडम, कोणा एकाचं तरी भलं होईल. मी मनात म्हटलं, हा माणूस तयारीत आहे.

आणि मग मला सगळं दिसायला लागलं. माझी गाण्यांची वही त्यांनी एका गाण्यासाठी मागून नेली होती — उतरवून घेतली असेल का? मुलींच्या रांगेमागे उभं राहून ते आवाज ऐकायचे — कशासाठी? पेटी बरी वाजवायचे, शिक्षक दिनाला वाजवली होती, चारही बोटं सफाईनं फिरत होती. म्हणजे हा माणूस तबला आणि पेटी दोन्ही करू शकतो, एका पगारात. मी तबला वाजवू शकत नाही. सर गावाहून आले की शेंगदाणे आणायचे, पुडी करून सगळ्यांना वाटायचे. माझी पुडी जरा मोठी असायची. कोणी कोणाला मोठी पुडी उगाच देतं का?

माझ्या नवऱ्याची सातपूरची कंपनी त्याच वर्षी बंद पडली होती. हे मी लिहिणार नव्हते. ते कारणासारखं ऐकू येतं. ते कारण नाही. कंपनी चालू असती तरी मी हेच केलं असतं — मी स्वतःला ओळखते.

तर, कापड डावीकडून दुमडलेलं. दोन दिवसांनी भात्याची एक कडी उघडी. मोठ्या सुट्टीत मी वर शिक्षक खोलीत डबा खायला जायची, त्या वेळात कोणीतरी पेटी उघडत होतं. कोण, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. शेवाळे सर सराव करताहेत. अध्यक्षांसमोर आयत्या वेळी माझ्या पेटीवर बसणार. सरळ विचारायचं? विचारलं तर माणूस सावध होतो. मला पुरावा हवा होता.

घरून मी चहाची एक जुनी गाळणी आणली. सुट्टी व्हायच्या आधी मुलांना बाहेर काढलं, कपाटातून पावडरचा डबा घेतला आणि गाळणीतून पेटीच्या पट्ट्यांवर अगदी पातळ पावडर भुरभुरवली. काळ्यांवर, पांढऱ्यांवर, सगळीकडे. कोणी वाजवली तर बोटांचे ठसे उमटणार. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

डबा शेवाळे सरांचा होता. खडूची भुकटी फळ्यापाशी हवी तेवढी पडलेली असायची. मी त्यांचाच डबा का घेतला? हाताशी होता म्हणून, असं मी बरीच वर्षं मानत आले. आता माझा त्यावर विश्वास नाही. दुसऱ्या कोणी मला हे सांगितलं असतं, तर मी एक क्षणही विश्वास ठेवला नसता.

पहिले दोन दिवस काही नाही. पावडर जशीच्या तशी. मी फुंकर मारून ती उडवली आणि तास घेतला. आता एक गोष्ट ऐका. पाचवीच्या प्रत्येक नव्या वर्गाला मी पहिल्या दिवशी सांगते, की पेटीवर कधी फुंकर मारायची नाही, फुंकरीनं धूळ बाहेर जात नाही, पट्ट्यांच्या फटीतून आत जाते. हे मी तेव्हाही सांगत होते. आणि रोज फुंकर मारत होते.

सोमवारी ठसे उमटले.

मी दार लावून घेतलं आणि पेटीपुढे बसले. संगीताच्या माणसाला असे ठसे वाचता येतात — जसं तुम्हाला ओल्या फरशीवरून कळतं, कोण कुठून कुठे गेलं. काळी पाचपासून वरच्या दिशेनं, मधल्या पट्ट्या सोडून, नेमक्या पाच पट्ट्यांवरची पावडर गेलेली होती. सा, रे, ग, म, प. पाचवीचा पहिला धडा. काळी पाच म्हणजे मी मुलींना शिकवते तो सूर. पुरुषाला तो गैरसोयीचा, शेवाळे सर स्वतः गुणगुणायचे ते काळी एकमध्ये. आणि प्रत्येक पट्टीवर एकच ठसा, गोल, दाबून उमटलेला. एकाच बोटाचा. मधे एकदा चुकून शेजारच्या पट्टीवर बोट पडलं होतं, ते लगेच उचललेलं. ज्याला पेटी येते तो असा वाजवत नाही. ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा पेटीला हात लावलाय, जो दाराबाहेरून माझा धडा ऐकत आलाय, तो असा वाजवतो.

ते शेवाळे सर नव्हते.

हे मला त्या सोमवारी कळलं. संशय नव्हता, अंदाज नव्हता. कळलं. मंगळवारी मी पुन्हा पावडर टाकली, पुन्हा तेच पाच ठसे. बुधवारी पुन्हा. मग मी गाळणी घरी घेऊन गेले. कोण वाजवतं हे शोधलं का? नाही. शेवाळे सर नाहीत म्हटल्यावर त्या पेटीवर कोण बोट ठेवतं, यात मला काही रस उरला नाही. हे विचित्र आहे ना? मला तेव्हा विचित्र वाटलं नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी पेटी जिन्याखालून वर मंचावर न्यायची होती. दरवर्षी दोन शिपाई न्यायचे. त्या दिवशी दोघेही मांडवाच्या कामात होते. शेवाळे सर म्हणाले, मी नेतो. एकट्यानं उचलली. पायऱ्यांवर एकदा टेकवली, पुन्हा उचलली. मी मागून बघत होते, जपून नेतात का म्हणून.

अध्यक्ष पहिल्या रांगेत. बारा मुली, निळ्या काठाच्या साड्या. मी भाता ओढला, सूर दिला, आणि एक स्वर लागून राहिला.

म्हणजे असं, की पट्टीवरून बोट उचललं की स्वर थांबायला हवा. तो थांबेना. मध्यम, म्हणजे म. पट्टी वर येईना, आत काहीतरी अडकलेलं. मी भाता ओढला की तो वाजायचा, दुसरं काहीही वाजवलं तरी त्याच्याखाली तो वाजतच राहायचा. मुली घाबरल्या. दोघी बेसूर झाल्या, मग सगळ्याच. शेवाळे सरांनी तबल्याचा आवाज वाढवून झाकायचा प्रयत्न केला. तीन कडव्यांचं गाणं मी दोन कडव्यांत संपवलं. अध्यक्ष हसत मोठ्या बाईंना म्हणाले, तुमच्या पेटीला आमच्या येण्याचं फार वाईट वाटलेलं दिसतंय. सगळी रांग हसली. मोठ्या बाई हसल्या नाहीत.

मला तेव्हाच समजलं होतं. पहिला स्वर लागून राहिला तेव्हाच. गाळणी डोळ्यांपुढे आली.

दोन दिवसांनी भद्रकालीतून पेटी दुरुस्त करणारा माणूस आला. ऑफिसातच त्यानं पेटी उघडली. मोठ्या बाई खुर्चीत, शेवाळे सर आणि मी उभे, आणि शाळेच्या हिरामावशी चहाचा ट्रे घेऊन दारात. हिरामावशी सुरगाण्याकडच्या. झाडलोट, पाणी, चहा, घंटा, सगळं त्या करायच्या. संगीताची खोलीही त्याच झाडायच्या.

त्या माणसानं आतल्या फळीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि म्हणाला, "पावडर आहे ही, बाई. वासाची. ढीगभर गेलीय आत. कुणी पावडरच्या हातानं वाजवली तरच अशी जाते."

मोठ्या बाईंनी शेवाळे सरांकडे बघितलं. सरांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मला ते अजून दिसतं. म्हणाले, "पावडर माझीच असेल, मॅडम. पण शिक्षक दिनानंतर मी पेटी वाजवलेली नाही. त्या दिवशी वर नेली तेवढीच. देवरे मॅडमना विचारा."

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "काय हो देवरे?"

इथे मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगते. मी म्हणाले, "मला दिवाळीपासून वाटतंय, की मोठ्या सुट्टीत पेटी कोणीतरी उघडतं."

बस. यातला एक शब्द खोटा काढून दाखवा. मी सरांचं नाव घेतलं नाही. पावडरबद्दल बोलले नाही. मोठ्या बाईंनीच दोन आणि दोन चार केले, आणि मी चार होताना बघत उभी राहिले. शेवाळे सरांनी माझ्याकडे बघितलं — रागानं नाही. गोंधळून. जणू मी आणखी काही बोलणार आहे आणि ते थांबले आहेत. मी चहा घेतला. चहात साखर जास्त होती.

जूनमध्ये मी कायम झाले.

सर गेले तेव्हा कपाट आवरून गेले. हातोडी, तबल्याचं कापड, पावडरचा डबा. डब्यात पावडर अगदी तळाला उरली होती. त्यांनी तो हलवून बघितला, मला ते दिसलं. एवढी कशी संपली, असं त्यांच्या मनात आलं असेल का? येतो मॅडम, म्हणाले. मी म्हटलं, या.

पुढच्या वर्षी मी ऑफिसात हजेरीपटावर सही करत होते, तेव्हा मोठ्या बाई फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. दुसऱ्या शाळेनं सरांबद्दल विचारलं असावं. मोठ्या बाई म्हणाल्या, "वादक चांगले आहेत हो. पण वस्तू सांभाळत नाहीत. आणि विचारलं तर कबूल करत नाहीत." मी टेबलाच्या अलीकडे होते, हात लांब केला असता तर फोनला लागला असता. मी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि वर्गावर गेले. त्या शाळेनं त्यांना घेतलं नाही. नंतर नाशिक सोडून ते गावाकडे गेले, असं कानावर आलं.

ही दुसरी संधी. मोजताय ना?

मग वर्षं गेली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या, पुढे वारल्या. शाळेला जिन्याखालची खोली सोडून चांगली खोली मिळाली, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. माझ्या मुली स्पर्धा जिंकून आल्या, वर्तमानपत्रात फोटो आले. दोन मुली आता स्वतः गाणं शिकवतात. हे सगळं खरं आहे, आणि ते त्या जागेवर बसून झालं.

हिरामावशी निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही त्यांना साडी दिली. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्या खोलीत आल्या. उभ्याच राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"बाई, एक सांगायचं ऱ्हायलंय. ती पेटी मी वाजवायचे. तुमी जेवाया गेल्या का."

मावशी खिडकीकडे बघत बोलत होत्या. रोज झाडताना तो पहिला धडा ऐकून ऐकून त्यांच्या डोक्यात बसला होता, हातानं एकदा काढून बघावा असं वाटायचं. एक बोट ठेवलं की आवाज येतो, याचंच नवल. त्या दिवशी ऑफिसात चहा घेऊन आल्या तेव्हा त्या बोलणार होत्या, पण नोकरी जाईल म्हणून भ्यायल्या. सरांची नोकरी गेली त्याचं त्यांना लय वाईट वाटलं. इतकी वर्षं वाटतंय.

"माझ्या हाताला कुठली आली पावडर, त्ये मला अजून नाय कळलं," त्या म्हणाल्या. "पर उघडली तर मीच व्हती. तुमाला तरी काय म्हाईत असणार, बाई."

काय सांगायला हवं होतं? की मावशी, पट्ट्यांवर पावडर मी टाकली होती. एका ओळीचं काम. त्या बाईनं बारा-तेरा वर्षं एक गोष्ट उराशी धरली होती, आणि तिची त्यात चूक काय, तर पाच पट्ट्यांना बोट लावलं. मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी. जुनं झालं." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि घरी गेल्या.

त्यानंतर काही काळ मी स्वतःला एक गोष्ट सांगून बघितली. की ऑफिसात मी बोलले असते तर चौकशी झाली असती, मावशींचं नाव आलं असतं, गरीब बाईची नोकरी गेली असती — म्हणजे मी गप्प राहून मावशींना वाचवलं. गोष्ट चांगली आहे. कोणीही मान्य करेल. पण मला ती स्वतःला पटवता येत नाही, कारण ऑफिसात उभी असताना ठसे कोणाचे ते मला माहीतच नव्हतं. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याला वाचवता येत नाही. मला एवढंच माहीत होतं, की ते ठसे सरांचे नाहीत.

आता शेवटचं. हे गेल्या हिवाळ्यातलं आहे.

कळवणला शाळांची समूहगीतांची स्पर्धा होती आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळेच्या मैदानावर मांडव, एकापाठोपाठ एक संघ. सातवा का आठवा संघ एका आश्रमशाळेचा होता. मुली मंचावर आल्या आणि तबल्यावर शेवाळे सर येऊन बसले.

केस पांढरे झालेले, अंग भरलेलं. मी त्यांना ओळखलं ते हातांवरून. पण काहीतरी चुकत होतं, आणि काय ते मला जरा वेळानं कळलं. पावडर नव्हती. शेजारी पंचा ठेवला होता, वाजवायच्या आधी त्यांनी त्याला हात पुसले. गाण्याच्या मधे जागा मिळाली तिथे पुन्हा पुसले.

मुली फार चांगल्या गायल्या. मी पहिला क्रमांक दिला. दुसऱ्या परीक्षकांनीही दिला होता, म्हणजे त्यात माझे उपकार नाहीत.

निकालानंतर आम्ही परीक्षक चहा घेत होतो, तेव्हा ते टेबलाकडे येताना दिसले. माझ्या मनात काय आलं सांगू? — आता हा माणूस सगळ्यांसमोर बोलणार. याला कळलंय. मावशींनी सांगितलं असेल. सुरगाणा इथून किती लांब? रिकामा डबा आठवला असेल. इतकी वर्षं थांबून आज गाठलंय. मी कप खाली ठेवला आणि काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवायला लागले. पहिल्या दोन वाक्यांत मी सगळं नाकारलंही होतं.

ते म्हणाले, "मॅडम, जरा बाजूला येता? एक बोलायचं राहिलंय."

मांडवाच्या कनातीपाशी आम्ही उभे राहिलो. त्यांनी आधी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "तुमच्या स्वागतगीताचा त्या दिवशी माझ्यामुळे विचका झाला. मी तेव्हा नाही म्हणालो, कारण मला खरंच वाटत नव्हतं. नंतर पुष्कळ विचार केला. पेटी मीच उचलून नेली होती ना वर. सकाळी तबला लावताना पावडर लावलेली, हात धुवायचे राहिले. त्या हातांनीच धरली पट्ट्यांच्या बाजूनं, पायऱ्यांवर टेकवली, तेव्हा गेली असणार आत. दुसरं काही कारण सापडत नाही. तुम्हाला सगळ्यांपुढे खाली बघायला लागलं. तेव्हापासून मी पावडर लावणं सोडलं. माफी मागायची राहिली होती, मॅडम."

कनातीच्या पलीकडे त्यांच्या मुली प्रमाणपत्रावरची नावं मोठ्यानं वाचत होत्या. आसपास आमचं बोलणं ऐकणारं कोणी नव्हतं. माझी नोकरी कायम होती, निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती, मोठ्या बाई हयात नव्हत्या. मला कोणी काही करू शकत नव्हतं. एक वाक्य होतं. मला ते पाठ होतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या हो, सर. मी कधी मनात ठेवलं नाही."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. हात जोडले. मग मुलींकडे मान वळवून मला विचारलं, "पोरींचा सूर बराबर शे ना, मॅडम?"

मी हो म्हणाले, आणि यावेळी हसलेही. ते पंचा खांद्यावर टाकून मुलींमध्ये गेले.

त्यांनी माझी माफी मागितली. मी ती दिली.